मिरजेचा डॉक्टर, जतचा पेशंट : मधल्या दुव्याचा व्यवसाय

आरोग्यक्षेत्रात धंदा म्हटलं की मेडिकल दुकान नाहीतर लॅब, एवढंच डोळ्यासमोर येतं. आज तिसरी वाट बघू. आरोग्य केंद्रांना डॉक्टर, लॅब, फिजिओथेरपिस्ट जोडून द्यायचे आणि ते जाळं चालू ठेवायचं.

हे काम आपल्याच भागात का आहे? डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं. रेल्वे जंक्शनमुळे पार कर्नाटकातून पेशंट येऊ लागले आणि पुढे मिरज हे डॉक्टरांचंच गाव झालं. म्हणजे डॉक्टर भरपूर, पण एका ठिकाणी. जत-आटपाडीकडे बघा. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, असा सरकारी निकष. इमारत उभी राहते, स्पेशालिस्ट मिळतोच असं नाही. मग गुडघा दाखवायला म्हातारी एसटीने मिरजेला. दिवसाची मजुरी गेली, सोबत आलेल्या पोराचीही.

सुरुवात ऑफिस घेऊन करू नका. एक वही घ्या. ट्रस्टचे दवाखाने, छोटी खासगी रुग्णालयं अशी पाच-सहा ठिकाणं फिरा आणि एकच विचारा : "गेल्या महिन्यात कुठले पेशंट बाहेर पाठवावे लागले?" हाडांचे, डोळ्यांचे, सोनोग्राफीचे, असे आकडे मांडा. (जत पट्ट्यात कामापुरतं कन्नड येत असेल तर तुमचं निम्मं काम झालं.) सरकारी केंद्रांचा पैसा समित्या, मंजुऱ्या अशा वाटेने येतो, नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

मग मिरजेत या. डॉक्टरांना "जॉइन व्हा" म्हणू नका. "महिन्याचा दुसरा आणि चौथा गुरुवार, १० ते २, अंदाजे इतके पेशंट" असं सांगा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते तपासा, दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. डॉक्टर आले नाहीत तर बदली कोण, हेही लिहून घ्या. पेशंट ताटकळत बसले आणि डॉक्टर आलेच नाहीत, असं दोनदा झालं की तुमचं नाव संपलं.

आता पैशाचं. पहिल्या महिन्यातच कुणीतरी म्हणेल, "आमच्याकडे पेशंट पाठवा, प्रत्येकामागे एवढे देतो." हा कट. रेफर केल्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने बंद केलेलं आहे, आणि तुम्ही त्यातले दलाल होता. शिवाय तो पैसा शेवटी त्या म्हातारीच्या बिलातूनच येतो. माझं मत स्पष्ट आहे : पेशंटमागे एक रुपयाही घ्यायचा नाही. वेळापत्रक, फोन, कागदपत्रं सांभाळण्याची ठरावीक मासिक फी केंद्राकडून घ्या, करार करून.

नमुन्यादाखल हिशोब : ६ केंद्रं, प्रत्येकी ₹६,०००, म्हणजे ₹३६,०००. मदतनीस ₹१२,०००, पेट्रोल ₹८,०००, फोन-झेरॉक्स ₹२,०००. हातात ₹१४,०००. कमी वाटतं ना? कटमध्ये यापेक्षा जास्त सुटतील, हेही खरं. आणि केंद्रं पैसे उशिरा देतात, म्हणून दोन महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या तालुक्यातल्या तीन दवाखान्यांत जाऊन वहीचं पहिलं पान भरा. पुढच्या भागात कराराचा नमुना घेऊ.