टॅपेटची फट : एक पाठ

ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणावर काही लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. व्याख्यान देण्यापेक्षा एक पाठच द्यावा, असे मला वाटले. आपल्याकडील कित्येक मुले शाळा अर्धवट सोडून लष्कर भागातील गॅरेजांत हाताखाली कामाला राहतात. हा पाठ त्यांच्यासाठी आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. तो काम करी त्या गॅरेजात एका जुन्या पेट्रोल अँबॅसडरला नवा कॅमशाफ्ट बसवला होता. गाडी लग्नाच्या वरातींसाठी भाड्याने जाई. उस्तादांच्या सांगण्यावरून मुलाने सगळे टॅपेट कानाने लावले; टकटक पार बंद झाली. मालक खूष झाला. पण महिन्याभरात इंजिनाची ओढ गेली. हेड उघडले तो एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळालेली! ऐन लग्नसराईत गाडी उभी राहिली आणि खर्च मुलाच्या मजुरीतून कापला गेला. “मास्टरसाहेब, आवाज तर नव्हता, मग माझे चुकले कुठे?” असे त्याने विचारले.

चूक त्या शांततेतच होती. कॅमशाफ्ट फिरताना कॅमचे उंच टोक टॅपेटला वर ढकलते. टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वॉल्व्ह दाबून उघडतो. कॅमची गोल पाठ टॅपेटखाली आली की वॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने बंद होतो. इंजिन तापले म्हणजे वॉल्व्हचा दांडा लांबतो. त्या वाढीसाठी रॉकर व दांडा यांत थोडी फट ठेवावी लागते. फट नसेल तर वॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बैठकीवर टेकलेला असतानाच तिला देऊन थंड होतो. तो टेकलाच नाही, तर जळता वायू कडेने निसटतो व कड खातो. उलट फट फार झाली, तर वॉल्व्ह कमी उघडतो आणि टोले बसून भाग झिजतात.

हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत अँबॅसडर बनवली. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटर पेट्रोल इंजिनाची फट ०.०१५ इंच, म्हणजे साधारण चार कागदांच्या जाडीइतकी. मात्र नवा कॅम वेगळ्या घडणीचा असेल, तर तो बनवणाऱ्याने दिलेला आकडा घ्यावा. फट थंड इंजिनावर पाहायची की गरम, हेही तेथेच वाचावे.

आता फट पाहायची केव्हा? त्या वॉल्व्हच्या टॅपेटखाली कॅमची गोल पाठ असताना. ती बाहेरून दिसत नाही. म्हणून नऊची बेरीज लक्षात ठेवावी. रेडिएटरकडून वॉल्व्हना १ ते ८ क्रमांक द्या. प्लग काढून इंजिन हाताने हळूहळू फिरवा. ८ वा वॉल्व्ह पूर्ण उघडला की १ ला लावा. ६ वा उघडला की ३ रा. ४ था उघडला की ५ वा. ७ वा उघडला की २ रा. दर वेळी बेरीज नऊ. उरलेले चार याच्या उलट.

हा मंत्र नव्हे, गणित आहे. पहिला व चौथा पिस्टन एकदमच वर-खाली होतात, पण त्यांच्या कामात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्याचे अंतर असते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो, म्हणून हे अंतर कॅमशाफ्टवर अर्धा फेरा भरते. अर्थात चौथ्याचा कॅम टोकावर असताना पहिल्याचा जोडीदार पाठीवर असतो. दुसऱ्या व तिसऱ्याचे तसेच.

फीलर गेजची पट्टी फटीत किंचित अडून सरकली पाहिजे. स्क्रू पेचकसने धरून नट आवळा आणि पट्टी पुन्हा घालून पाहा. नट आवळताना फट बदलते.

नव्या कॅमबरोबर टॅपेटही नवे घालावेत, कारण जुने टॅपेट जुन्या कॅमवर घासून बसलेले असतात. कॅमला त्याचे खास वंगण लावावे. इंजिन सुरू झाल्यावर ते मंद चालू न ठेवता, मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवावे. मंद गतीत कॅमवर पुरेसे तेल उडत नाही व त्याचा पृष्ठभाग पहिल्याच दिवशी खराब होऊ शकतो. नंतर आठही फटी पुन्हा मोजाव्यात, आणि काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.

त्या मुलाला मी हे सगळे पाटीवर काढून दाखवले. तो म्हणाला, “हे शाळेतले गुणोत्तरच की!” पुढच्या पगारात त्याने प्रथम फीलर गेज विकत घेतले.

उस्तादांच्या कानाचा अनुभव मोठा असतो. त्याचा अनादर करू नये. पण हलकी टकटक ऐकून घाबरू नये, आणि शांतता ऐकून निर्धास्त होऊ नये. ट्रस्टने गरजू मुलांना वह्या द्याव्यातच. जी मुले गॅरेजात गेली आहेत, त्यांना एक फीलर गेज व आठवड्यातून एक तास गणित मिळाले, तर त्यांची मजुरी कोणी कापणार नाही.