पानफुटीची छाटणी व रोपनिर्मिती

शाळेच्या ओसरीवरील कुंडीतली पानफुटी काही वर्षांत उंच वाढते. खालची पाने गळतात, खोड उघडे पडते व झाड कलते. असे झाड उपटून टाकू नये. ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटावरील असून मांसल पानांत पाणी साठविते. म्हणून तोडलेला भागही लगेच सुकत नाही.

फुलोरा संपल्यावर, कोरड्या हवेत, शिक्षकांनी स्वतः धारदार चाकूने खोड पेराच्या किंचित वर छाटावे. खाली तीन-चार पेरे राखावीत. तेथून नवे धुमारे फुटतात. सुमारे 10 सेंटिमीटरचे शेंडे दोन-तीन दिवस सावलीत ठेवावेत. जखम सुकल्यावर माती व वाळू समप्रमाणात घेऊन त्यांत ते लावावेत. पाणी बेताचेच द्यावे. ओल साचल्यास खोड कुजते.

रोप केवळ बीपासूनच होते, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. ती दूर करण्यास प्रत्येक मुलास एकेक पान द्यावे व ते ओलसर वाळूवर पसरावयास सांगावे. रोप पानाच्या कोणत्या भागातून निघेल, हे आधी सांगू नये. मुलांनी रोज पाहून चित्र काढावे. पानाच्या कडेवरील खाचांतून मुळे व इवली पाने निघालेली दिसताच उत्तर त्यांचे त्यांनाच सापडते.

एक दक्षता अवश्य घ्यावी. पानफुटी, विशेषतः तिची फुले, गुरांस विषारी असून हृदयास अपाय करतात. म्हणून छाटलेले भाग कुंपणाबाहेर टाकू नयेत. तेथे ते रुजतातही. मुलांनी पान चाखू नये व काम संपताच हात धुवावेत.