जीर्ण वस्त्र आणि अण्णांची गाडी (गीता २.२२)



आज दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक. पाठ नसला तरी कुठल्या ना कुठल्या दशक्रियेच्या प्रवचनात तुम्ही तो ऐकलेला असणारच. माणूस जीर्ण झालेली वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देहात राहणारा आत्मा जीर्ण देह सोडून नव्यात जातो, असा सरळ अर्थ. हा श्लोक माझ्यासमोर एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये आला होता आणि विषय होता बंद पडलेलं इंजिन. आज तेच लिहितो.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. रिटायर झाल्यावर २००९ च्या ऑगस्टमध्ये घेतलेली, एमएच १४ पासिंग, १.२ लिटर पेट्रोल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. दर वद्य एकादशीला अण्णा आणि आमच्या इंद्रायणीनगरातले त्यांचे तीन दोस्त या गाडीने आळंदीला जातात. चौघांत मिळून तीन चांगले गुडघे असतील.

एप्रिल २०२४. माझी बाइक सर्व्हिसिंगला होती म्हणून गाडी घेऊन चाकणला गेलो. (मी तिथल्या एका कारखान्याच्या असेंब्ली लाइनचं सॉफ्टवेअर सांभाळतो.) येताना तळेगाव चौकात नेहमीसारखा अर्धा तास अडकलो, एसी फुल. कुरुळीच्या आसपास टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेलेला दिसला. मला दिसला, हे महत्त्वाचं आहे. गाडी बाजूला घ्यायला हवी होती. पण साडेसातची मीटिंग घरून करायची होती. एसी बंद केला आणि म्हटलं, आता राहिलंय किती. इंद्रायणीच्या पुलावर काटा लाल पट्टीत गेला, मोशीत शिरता शिरता बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद. घरी येऊन अण्णांना सांगितलं, "अचानक बंद पडली."

झालं होतं ते असं. रेडिएटरचा जुना पाइप चिरला होता, पाणी हळूहळू गळून गेलं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. एका मर्यादेपर्यंत मधलं गॅस्केट हा फरक सांभाळून घेतं. पाणीच नसलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि उरलंसुरलं पाणी ऑइलमध्ये शिरतं. भोसरीतल्या आमच्या मिस्त्रींनी डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पुलाच्या आधी थांबलो असतो तर कदाचित नुसत्या पाइपावर भागलं असतं.

मिस्त्रींनी रस्ते सांगितले. नुसतं हेडचं काम निघालं तर तीस हजाराच्या आत-बाहेर. बोअर, पिस्टन, बेअरिंग सगळं करायची वेळ आली तर पंच्याहत्तर-ऐंशी हजार. भंगारातलं चालू इंजिन बसवलं तर चाळीस-पंचेचाळीस, पण त्याचा नंबर आरसीवर चढवून घ्यायला हवा, आणि ते इंजिन आधी कुणी कसं वापरलं हे देव जाणे. नाहीतर गाडी भंगारात. त्यात ऑगस्टमध्ये १५ वर्षं भरत होती. म्हणजे फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशन पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घेणं आलं. १ एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी त्याची फी ५,००० रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हे सगळं मांडलं, तर एक मित्र म्हणाला, "अरे तू रोज गीता लिहितोस ना? त्यातच सांगितलंय, जुनं झालं की टाका आणि नवीन घ्या." सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री श्लोक परत उघडून बसलो.

एक तर हे बोलणं कुणाशी चाललंय ते बघा. समोर अर्जुन आहे, आप्तांच्या मरणाच्या विचाराने खचलेला. त्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून रोजच्या व्यवहारातला दाखला दिलाय. कपडे कधी टाकावेत याचा तो नियम नाही. जुनं वस्त्र टाकायचं असतं हे ऐकून माझी आजी तर हसली असती. तिने विरलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यातली एक अजून माझ्या अंगावर असते. दुसरं म्हणजे श्लोकात शब्द जीर्ण आहे. जीर्ण म्हणजे नुसतं जुनं नव्हे. वापरून वापरून झिजलेलं, विरलेलं, आता टाका धरणार नाही असं. आणि इंजिनाच्या बाबतीत ते १५ वर्षांच्या आकड्यावरून कळत नाही, हेड उतरवल्यावर कळतं. आम्ही डेव्हलपर लोकसुद्धा जुना कोड न वाचताच "सगळं नव्याने लिहू" म्हणतो, ते आठवलं.

पण खोलायला सांगण्याआधी मला माझ्याच डोक्यातला एक हिशेब त्रास देत होता. आदल्या वर्षी या गाडीत मी ३८ हजार घातले होते. चार टायर, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर. मन सारखं म्हणत होतं, एवढे घातलेत, आता सोडायची कशी?

इथे मला देहूची आठवण झाली. आमच्या ऑफिसपासून फार लांब नाही तो भामचंद्र डोंगर, जिथे तुकोबा एकांतात बसत. तुकोबांच्या घरी सावकारी होती, वडिलांच्या वेळची कर्जखतं होती. दुष्काळाने घर मोडल्यावर त्यांनी काय केलं ते परंपरा सांगते. भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. ही गोष्ट आपण सगळे सांगतो. त्याच्या शेजारची दुसरी गोष्ट जरा कमी सांगतो. त्याच तुकोबांनी पूर्वज विश्वंभरबुवांचं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं आणि तिथे कीर्तन सुरू झालं. खतं नदीत सोडणारा माणूस पडक्या भिंती मात्र पुन्हा उभ्या करतो. दोन्ही जुन्याच वस्तू, दोन्ही वाडवडिलांकडून आलेल्या. मग फरक कशात? मला वाटतं तो असा, की खतात मागचं येणं होतं आणि देवळात पुढचं कीर्तन.

माझे ३८ हजार हे त्या खतांसारखेच होते. मी मनात ते गाडीच्या नावे मांडून ठेवले होते, जणू ती माझं देणं लागते आणि दुरुस्त झाल्यावर फेडणार आहे. ते पैसे गेले, वर्षभर टायर फिरले, एसीची हवा लागली, संपलं. ते वजा केल्यावर प्रश्न बराच सोपा झाला. आजपासून पुढची तीन वर्षं चार म्हाताऱ्या माणसांना आळंदीला नेऊन आणायला काय लागेल?

आणि इथे बाजारभाव मध्ये आणू नका, असं माझं मत आहे. चालू असताना गाडी ऐंशी हजाराला गेली असती, बंद पडल्यावर पंचवीसला. त्याच्याशी तुलना केली तर जुन्या गाडीची कुठलीच मोठी दुरुस्ती कधीच परवडणार नाही. तुलना करायची ती पर्यायाशी. नुसतं हेड निघालं तर दुरुस्ती, फी आणि कर, वर्षाला वीस हजार देखभाल धरून तीन वर्षांत लाखाच्या आसपास. बरी सेकंडहँड गाडी घ्यायची तर तीन लाख, आणि देखभाल तिलाही लागणारच. पूर्ण इंजिनकाम निघालं तर मात्र दीड लाखाला जातं, आणि १५ वर्षांच्या गाडीत उद्या गिअरबॉक्स काय म्हणेल सांगता येत नाही. म्हणून खोलण्याआधीच आकडा ठरवायचा होता, चाळीस हजार. आधीच, कारण एकदा इंजिनाचे भाग टेबलावर पसरले की माणूस "आता एवढं केलंच आहे तर" म्हणायला लागतो.

(तुमच्यापैकी कुणाचा हिशेब भंगाराकडे झुकला तर एवढंच करा, गाडी तोंडी व्यवहारावर भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, जमा केल्याचं सर्टिफिकेट घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. तोवर कागदोपत्री गाडी तुमचीच असते.)

आता राहिलं ते सगळ्यात अवघड. तुकोबांनी जे सोडलं ते लोकांकडून येणं होतं. स्वतःचं देणं बुडवलं नाही. आणि माझ्याकडे एक देणं होतं. गाडी लगेच दुरुस्त करायची मला जी घाई झाली होती, ती आळंदीसाठी कमी आणि अण्णांनी जास्त विचारू नये म्हणून जास्त होती. गरज पडली तर ऐंशी हजार गुपचूप द्यायचीही तयारी मी मनात करून ठेवली होती. म्हणजे खोटं झाकायला पैसे.

शनिवारी संध्याकाळी गॅलरीत बसले होते. म्हटलं, "अण्णा, गाडी अचानक नाही बंद पडली. काटा मी बघितला होता. थांबलो नाही."

ते पेपर बाजूला न करताच म्हणाले, "माहितीये."

"मिस्त्री बोलले का?"

"मिस्त्री कशाला बोलतील? गाडी टो करून न्यायच्या आधी खाली जाऊन ऑइल बघितलं मी. बत्तीस वर्षं फिटर होतो रे." मग थोड्या वेळाने, "पाइप बदलायचा माझ्याही मनात होता दिवाळीपासून. राहिला."

एवढंच. आकड्याचं सांगितल्यावर म्हणाले, "चाळीसच्या वर एक रुपया नाही. वर गेलं तर रिक्षाने जाऊ आळंदीला."

सोमवारी हेड उतरवलं. अण्णा स्टूल टाकून समोर बसले होते, मिस्त्री बिचारे अवघडून काम करत होते. बोअरमध्ये होनिंगच्या तिरक्या रेषा अजून स्वच्छ दिसत होत्या, कुठे ओरखडा नाही. बेअरिंग चांगले. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज सरकवला. साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं, आमचं ०.१२ वाकलं होतं. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये फेसिंग करून आणलं. नवं गॅस्केट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे पाइप. ऑइल दोनदा बदललं, आतलं पाणी धुऊन निघावं म्हणून. बिल ३१,४०० झालं. मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं, एकदा तापलेल्या हेडची गॅरंटी मी देत नाही. ते मान्य करूनच पैसे दिले.

ऑगस्टमध्ये पासिंग झालं, पुढची ५ वर्षं मिळाली. एकादशीची फेरी चालू आहे. मी गाडी चालवत असलो की अण्णा शेजारी बसतात, आधी काट्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

उद्या तेविसावा श्लोक. राम कृष्ण हरी.