तीन हिशेब, एकच बोट: जोडणीचं सॉफ्टवेअर घेण्याआधी काय बघायचं?



मासळी काट्यावर चढते, लिलाव होतो. बोटीने डिझेल आणि बर्फ आधीच उधारीवर उचललेला असतो. ती उधारी वजा करून उरलेले पैसे बँकेत जमा होतात. लिलाव एका सॉफ्टवेअरमध्ये, डिझेल पंपाच्या मशीनमध्ये, जमाखर्च टॅलीत, अशी सगळी विभागणी. त्यामुळे तोच आकडा पुन्हा पुन्हा टाइप करावा लागतो. एखादं डिझेलचं बिल दोनदा कापलं गेलं की पट्टी अडते, आणि पट्टी अडली की खलाशांचा वाटाही अडतो.

हे हिशेब आपोआप जोडणारी सॉफ्टवेअर आता मिळतात. पण स्वस्त म्हणून घेतलेलं पुढे महाग पडू नये, यासाठी चार गोष्टी तपासाव्यात असं आम्ही सुचवतो.

१. आधी बोटीला एकच ओळख द्या.
काट्यावर बोटीचं नाव, पंपावर मालकाचं नाव, बँकेत पत्नीच्या खात्याचं नाव! त्यात ‘शांतादुर्गा’ नावाच्या दोन बोटी असल्या तर सॉफ्टवेअर काय करणार? प्रत्येक नोंदीत बोटीचा नोंदणी क्रमांक (आयएनडी-जीए ने सुरू होणारा) लिहायची सवय लावा. एनईएफटी किंवा आरटीजीएसने झालेल्या व्यवहाराला यूटीआर नंबर असतो, तोही पट्टीवर घ्या. याला एक पैसा लागत नाही, आणि हे नसेल तर कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

२. फुकटचा रस्ता आधी बघा.
टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्या एक्सेलमधल्या नोंदी सरळ आत घेतात. काट्याचं आणि पंपाचं सॉफ्टवेअर एक्सेल फाइल काढून देतं का, एवढं विक्रेत्याला विचारा. देत असेल तर रोज संध्याकाळी दोन फाइली चढवल्या की बरंच काम भागतं. फाइल मिळतच नसेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असलं तरी नको.

३. भाडं कशावर मोजतात ते विचारा.
समजा ४० बोटी, महिन्याला २५ दिवस, आणि प्रत्येक बोटीच्या रोज ४ नोंदी. झाल्या ४,००० नोंदी. प्रत्येक नोंदीवर तीन कामं: खात्यात टाकणं, यादीत लिहिणं, मालकाला मेसेज. झॅपिअरसारखी सेवा प्रत्येक काम वेगळं मोजते, म्हणजे १२,०००. एन-एट-एन मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंतची अख्खी फेरी एकच धरतं. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी एकदम पाठवल्या तर महिन्याला २५ फेऱ्याच होतात. म्हणून जाहिरातीतला दर बघून ठरवू नका. आपल्या नोंदी मोजा, मग गुणाकार करा.
एन-एट-एन संस्थेच्या स्वतःच्या कामासाठी आपल्याच संगणकावर बसवलं तर परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण संगणक, वीज, बॅकअप आणि देखरेख आपल्याकडे येते. आणखी एक, ऑफिसातल्या संगणकावरच्या टॅलीपर्यंत इंटरनेटवरची सेवा आपोआप पोचत नाही. मधली जोडणी कोण करणार आणि त्याचे किती, हे दरपत्रकात लिहून घ्या.

४. बंद पडलं तर कोण येणार?
पहाटे लिलाव सुरू आहे आणि जोडणी तुटली, तर फोन कोण उचलणार? तुटलेली नोंद पुन्हा चालवली तर दोनदा चढते का? विक्रेत्याला हे समोर करून दाखवायला सांगा. पासवर्ड संस्थेच्या नावावर असू द्या. सोडायचं ठरलं तर आपल्या सगळ्या नोंदी परत मिळतील, हेही करारात हवं. बँकेचं काम जोडताना सॉफ्टवेअरला फक्त व्यवहार बघायची परवानगी द्या. पैसे पाठवायची मंजुरी माणसाच्याच हातात राहू द्या.

प्रयोगासाठी १ जून ते ३१ जुलै ही बंदीची वेळ उत्तम. सरलेल्या हंगामातल्या पाच बोटींच्या एका महिन्याच्या नोंदी नव्या जोडणीतून चालवा आणि जुन्या पट्ट्यांशी रुपयान् रुपया ताडून बघा. जुळलं तरच पैसे मोजा.

तोवर प्रत्येक मालकाने एवढं करावं: आपल्या बोटीचा नोंदणी क्रमांक संस्थेच्या, पंपाच्या आणि बर्फाच्या वहीत एकसारखाच लिहिलाय ना, ते एकदा स्वतः तपासून घ्यावं.