हात चालता ठेवा! (रोजच्या पंधरा मिनिटांचा रियाज)

आपल्यापैकी कितीजणांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात? वर्गात विचारलं तर बरेच हात वर होतील. आणि आता ड्रॉईंगच्या शीटखेरीज कागदावर रेघ कोण ओढतं? सगळे हात खाली! ग्रेड पदरात पडली आणि रंगपेटी माळ्यावर गेली. कारण ठरलेलं, "वेळच मिळत नाही यार!" सबमिशन, ओरल्स, पीएल... खरं आहे. पण वेळ कधी मिळत नसतो, तो काढावा लागतो. आणि चित्रकलेला तो फार लागतही नाही.

कला अंगात असावी लागते, असं आपण म्हणतो. असेलही. पण अंगातली कला हातात उतरायला रियाज लागतो. पं. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकत होते, तेव्हा सकाळी तोडी, दुपारी मुलतानी आणि संध्याकाळी पूरिया असे मोजकेच राग गुरूंनी त्यांच्याकडून घोटून घेतले. पुढे २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झालं. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून पन्नासहून अधिक वर्षं वाचकांना भेटत राहिला. हेच लक्ष्मण कावळ्याची चित्रं मात्र आयुष्यभर काढत राहिले. दोघांकडून घेण्यासारखी गोष्ट एकच : थोडंच घ्या, पण पुन्हा पुन्हा करा.

माझं गाव पिंपरी पेंढार, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं. इथं चित्रकलेचा क्लास नाही. संध्याकाळचं ऊन चित्राला फार सुंदर, पण आमच्या जुन्नर तालुक्यात दिवस मावळताना उसाच्या कडेला बसायची सोय नाही, बिबट्याची भीती! म्हणून मी सकाळच्या चहाची वेळ धरली. कप खाली ठेवला की वही उघडायची. याचा एक फायदा नंतर लक्षात आला. चहा घरीही असतो आणि होस्टेलवरही असतो, त्यामुळे गाव बदललं तरी सवय मोडली नाही.

माझा महिन्याचा अभ्यासक्रम असा आहे :

१) पहिला आठवडा, क्रेट. आमच्याकडे टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या जागोजागी दिसतात. आयसोमेट्रिकमध्ये समांतर कडा समांतरच राहतात, पण डोळ्याला त्या दूर जाताना जवळ येताना दिसतात आणि नजरेच्या पातळीवर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू सापडला की अख्खी थप्पी कागदावर नीट उभी राहते.

२) दुसरा आठवडा, गोल वस्तू. बादली, हंडा, ट्रॅक्टरचं चाक. बादली जमिनीवर ठेवून पाहा. तोंडापेक्षा बुडाची कड जास्त वाकलेली दिसते, कारण बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं. हे वाचून कळतं, पण वीस बादल्या काढल्यावर हाताला कळतं.

३) तिसरा आठवडा, माणसं. एसटी स्टँडवर प्रत्येकाला दोन मिनिटं. नाक-डोळे सोडा, आधी उभं राहण्याची ढब पकडा. गाडी लागली की मॉडेल निघून जातं, त्यामुळे हात आपोआप झटपट चालतो.

४) चौथा आठवडा, सगळं एकत्र.

नियम तीनच. खोडरबर नाही, साधा बॉलपेन वापरायचा. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची. पान फाडायचं नाही. आणि महिनाअखेर पहिलं पान उघडून शेवटच्या पानाशेजारी धरायचं. रोज पाहिलं तर फरक दिसत नाही, महिन्यानं हमखास दिसतो.

"एकवीस दिवसांत सवय लागते" असं सगळीकडे ऐकायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४! त्यातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा दांडी पडली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करत बसू नका, नेहमीची पंधरा मिनिटं पुरेत. पीएलमध्ये पाचच मिनिटं काढा, पण वही उघडा.

आता घरच्यांचा प्रश्न. "चित्रानं पोट भरतं का?" आमचे अण्णाही हेच विचारायचे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही कांद्याची नवी चाळ बांधायला काढली. वेल्डरला तोंडी सांगून काही उमगेना. मी वहीत चाळ तिन्ही बाजूंनी काढली, मापं टाकली आणि त्याच पानावरून त्यानं अँगल कापले. अण्णा काही बोलले नाहीत. पण आता चहा झाला की, "वही कुठंय रे तुझी?" असं तेच विचारतात!

आपण इंजिनिअर होणार, म्हणजे डोक्यातली वस्तू दुसऱ्याला दाखवणं हेच आपलं काम. कॉम्प्युटरवर कॅड आहेच, पण साईटवर किंवा वर्कशॉपमध्ये समोरच्याला चटकन समजवायला पेन आणि कागदच हाती असतो. पुण्याचे प्रसिद्ध जलरंगचित्रकार मिलिंद मुळीक हेसुद्धा शिक्षणानं इंजिनिअरच आहेत. तेव्हा "आपली लाईन वेगळी" ही सबब चालणार नाही.

चित्र नको असेल तर बासरी घ्या, कविता घ्या, अक्षर सुधारा. हिशोब तोच. रोज एक पान म्हटलं तरी डिग्रीच्या चार वर्षांत साधारण १४६० पानं होतात. ती भरलेली न्यायची की कोरी, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. वीस रुपयांची वही आणि पाच रुपयांचं पेन, एवढंच भांडवल. उद्याच्या चहापासून सुरुवात करा!