आजाऱ्याच्या कपाळावरचे तेल



आजाऱ्याला तेल लावायला फादर येणार म्हटले की पुष्कळ घरांत रडारड सुरू होते. "फादरांना बोलावले, म्हणजे आता संपले," असा समज आहे. त्यामुळे बोलावणे येते ते माणसाची शुद्ध हरपल्यावर. हा समज बाहेरून आलेला नाही. पूर्वी ख्रिस्तसभेतच या संस्काराला 'अंत्याभ्यंग' म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की, त्याला 'रुग्णाभ्यंग' म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नव्हे. नाव बदलले, भीती मात्र राहिली.

खरे तर आपल्या वाळवा तालुक्यातल्या माणसाला तेलाचा अर्थ शिकवावा लागू नये. बाळाला तेल चोळून न्हाऊ घालतात. तालमीत पहिलवानाची मालिश होते. बेंदराच्या आदल्या दिवशी, जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तेल किंवा तूप चोळतात. त्याला आपण खांदमळणी म्हणतो. ज्याला वाढायचे आहे, झुंजायचे आहे, ओझे ओढायचे आहे, त्यालाच आपण तेल लावतो. मग आजाऱ्याच्या कपाळावर तेच तेल आले की ते निरोपाचे कसे वाटू लागते?

पवित्र शास्त्रात दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या (लूक 10:34). प्रेषितांनी पुष्कळ रोग्यांना तेल लावून बरे केले (मार्क 6:13). कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तमंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, असे संत याकोब सांगतो (याकोब 5:14). लक्षात घ्या, आजाऱ्याने स्वतः बोलवायचे आहे. म्हणजे तो बोलू शकत असतानाच!

हिब्रू 'मशीहा' आणि ग्रीक 'ख्रिस्त' या दोन्ही शब्दांचा अर्थ अभिषिक्त, तेलाने अभिषेक केलेला. आपल्या 'ख्रिस्ती' या नावातच तेल आहे. आणि गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या बागेत प्रभू दुःखाने पिळवटून निघाला. शेंगदाणा घाण्यात भरडल्याशिवाय तेल सुटत नाही, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. आजाऱ्याच्या वेदनेजवळ ख्रिस्तसभा हेच चिन्ह घेऊन जाते.

पवित्र सप्ताहात, बहुधा पवित्र गुरुवारी सकाळी, बिशप आपल्या धर्मगुरूंसह तीन तेले सिद्ध करतात: दीक्षार्थींचे, रुग्णांचे आणि सुगंधी द्रव्य मिसळलेले ख्रिझम. ख्रिझम स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा यांत वापरतात. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी, स्नानसंस्काराआधी तेल लावलेल्या माणसाला ख्रिस्ताचा मल्ल म्हटले होते. ही तर आपल्या तालमीची भाषा झाली.

जैतून आपल्याकडे पिकत नाही, मग काय? पोप सहावे पॉल यांनी 30 नोव्हेंबर 1972 रोजी, रुग्णाभ्यंगासाठी गरज पडल्यास दुसरे तेलही चालेल, मात्र ते वनस्पतीचे हवे, असे ठरवून दिले. म्हणजे शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेलही रीतसर आशीर्वादित झाले की चालू शकते. ते औषध नव्हे आणि ताईतही नव्हे. प्रार्थनासभांतून बाटल्यांत मिळणाऱ्या तेलाशी त्याची गल्लत करू नये. संस्कार हे असे चिन्ह आहे की ते जे दाखवते ते देवाच्या कृपेने घडवूनही आणते, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. इथे ते बळ देते, धीर देते, पापांची क्षमा देते. देवाची इच्छा असेल तर शरीरही बरे होते.

तेव्हा गंभीर दुखण्याचे निदान झाले, मोठे ऑपरेशन ठरले किंवा घरातली आजी म्हातारपणाने फार थकली, तर निरोप पाठवा. बरे होऊन पुन्हा गंभीर आजारी पडल्यास, किंवा तेच दुखणे वाढल्यास, हा संस्कार पुन्हा घेता येतो. टेबलावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. आजाऱ्याला आधी सांगावे. त्याला पापनिवेदन करायचे असल्यास घरच्यांनी थोडा वेळ खोलीबाहेर थांबावे, नंतर सर्वांनी आत येऊन प्रार्थनेत सामील व्हावे. त्याचे कपाळ आणि दोन्ही तळहात यांना तेल लावले जाते. शेजारीही आले तर उत्तमच, फक्त रडू नका.