बरोबरीचा एक गुण



आपल्या नांदेड-लातूरकडे क्रिकेटचे वेड मोठे. तरी आपल्या तरुणांत फुटबॉलचे चाहतेही आहेत. संघ जिंकला की आनंद, हरला की दुःख. पण सामना बरोबरीत सुटला की हसावे की रुसावे, हे त्यांना कळत नाही. असे का होते, याचा आज आपण थोडा विचार करू.

2022 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील भारताचे दोन सामने आठवून पाहा. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहा येथे भारताची गाठ कतारशी पडली. कतार त्याच वर्षी आशियाई विजेता ठरला होता. आपला सुनील छेत्री आजारपणामुळे मैदानात नव्हता. कतारने हल्ल्यामागून हल्ले चढवले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने ते परतवून लावले. सामना 0-0 असा सुटला आणि चाहत्यांना जिंकल्याचा आनंद झाला.

पाच आठवड्यांनी, 15 ऑक्टोबरला, कोलकात्यात बांगलादेशाशी 1-1 अशी बरोबरी झाली. बांगलादेश क्रमवारीत आपल्या कितीतरी खाली होता. त्यामुळे हीच बरोबरी पराभवासारखी वाटली. खरे पाहता दोन्ही वेळा भारताला एकच गुण मिळाला. गुण तोच, माप वेगळे!

कोलकात्याच्या सामन्यात आणखी एक गंमत आहे. मध्यंतरापूर्वीच आपण एका गोलने मागे पडलो होतो. 88 व्या मिनिटाला गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसने कॉर्नर घेतला आणि गोव्याच्याच आदिल खानने हेडरने गोल केला. तेव्हा जो प्रेक्षक आनंदाने नाचला, तोच शेवटची शिट्टी वाजल्यावर खिन्न झाला. यात ढोंग नाही. काय हातचे जाणार होते हे एक माप. काय मिळू शकले असते हे दुसरे. दोन्ही मापे खरी, म्हणून दोन्ही भावनाही खऱ्या.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. सर्व मजुरांना एकेक दिनार मिळाला. शेवटी आलेल्यांना तो भरपूर वाटला असेल. सकाळपासून राबलेले मात्र कुरकुरले, कारण त्यांनी जास्तीची आशा धरली होती. नाणे मात्र सर्वांच्या हाती सारखेच होते.

मग अपेक्षाच ठेवू नये काय? तसे नाही. अपेक्षा नसती तर 88 व्या मिनिटापर्यंत कोण धावले असते?

‘लातूर पॅटर्न’ने आपल्या भागाचे नाव सर्वत्र झाले. पण निकालाच्या दिवशी एका घरी साठ टक्क्यांना पेढे वाटतात, तर दुसऱ्या घरी पंच्याऐंशी टक्के मिळवलेली मुलगी जेवत नाही. कारण तिच्या हाती माप दिले आहे ते शेजारच्या मुलाचे. ती कुठून निघाली, आजारपणात कशी अभ्यासाला बसली, घरच्या अडचणीत कशी टिकून राहिली, हे त्या मापात मोजलेच जात नाही.

म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. निकालाचा कागद हाती आला की आधी मुलाने काय राखले ते बोलून दाखवा. काय निसटले, त्याची चर्चा दुसऱ्या दिवशी करा. दोन्ही गोष्टी बोलायच्याच आहेत, फक्त क्रम चुकवू नका. पहिला शब्द मुलाच्या मनात फार काळ राहतो.